सहलीचा हिशेब आणि कार्डाचे पॉइंट

बारा जणांनी सहलीला जायचे ठरवले. रेल्वेच्या एका आरक्षण तिकिटावर सहाच प्रवासी घेतात, म्हणून तिकिटे दोन. तिकिटे व मुक्काम मिळून खर्च २४,००० रुपये धरू. एकाने तो आपल्या क्रेडिट कार्डावर भरला, की पॉइंट त्याच्याच खात्यात जमतात. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटचे मोल २५ पैसे धरले, तर लाभ ६० रुपये. पण वर्गणी रेंगाळली, बिल महिनाभर थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याजच ८४० रुपये! तेही खरेदीच्या दिवसापासून. स्थानकावरच्या विश्रामकक्षाची सवलत बहुधा कार्डधारकापुरतीच; मग बाकीच्या अकरांनी बाहेर बसायचे का? तेव्हा आधी वर्गणी गोळा करावी, मगच कार्ड काढावे. आणि पॉइंटांची बचत कोणाची, हेही निघण्यापूर्वीच ठरवावे.