पहारेकरी गेला, किल्ल्या राहिल्या

संगणकातून एखादा प्रोग्रॅम काढून टाकला, की काम पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर येतो आणि आपण निश्चिंत होतो. पत्त्यांच्या खेळापुरते ते ठीक आहे. अँटीव्हायरसचे तसे नसते. तो गेल्यावर मागे उरते त्याला आपण सरसकट ‘कचरा’ म्हणतो, आणि माझ्या मते गैरसमजाची सुरुवात इथेच होते. कचरा फक्त जागा अडवतो; हे अवशेष अधिकार धरून बसलेले असतात.

हा अधिकार येतो कुठून? विंडोजमध्ये साधे प्रोग्रॅम आखून दिलेल्या मर्यादेत चालतात. व्यवस्थेच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्यांना हात लावता येत नाही. अँटीव्हायरसला मात्र तिथे प्रवेश लागतो. फाइल उघडण्याआधीच ती तपासायची, तर फाइल आणि ती मागणारा प्रोग्रॅम यांच्या मधोमध उभे राहावे लागते. त्यासाठी तो ‘फिल्टर ड्रायव्हर’ बसवतो. असे अनेक फिल्टर एकावर एक रचले जातात, म्हणून मायक्रोसॉफ्ट प्रत्येकाला एक ‘उंची’ नेमून देते. ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा टापू अँटीव्हायरससाठी आहे. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचा फिल्टर ३,२८,०१० वर बसतो.

इतक्या आत बसलेल्या सॉफ्टवेअरची एक चूक किती महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले.

मग काढताना सगळे का निघत नाही? एक कारण साधे आहे : वापरात असलेली फाइल त्याच क्षणी पुसता येत नाही. ती पुढच्या वेळी संगणक सुरू होताना पुसायची, अशी नोंद करून ठेवावी लागते. दुसरे कारण अधिक रंजक आहे. व्हायरसने आपल्यालाच उखडू नये म्हणून अँटीव्हायरस स्वतःच्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी यांच्याभोवती तटबंदी उभारतो. मालक आणि चोर यांतला फरक त्या तटबंदीला नेहमीच कळतो असे नाही. तिसरे कारण हेतुपुरस्सर असते. परवान्याची नोंद, वेगळ्या कोंडून ठेवलेल्या संशयित फाइली, सेटिंग्ज हे सारे ग्राहक पुन्हा येईल या हिशेबाने मागे ठेवले जाते.

एका निवृत्त शिक्षिकेचा लॅपटॉप मी अलीकडे तपासला. खरेदीबरोबर आलेला, मुदत संपलेला अँटीव्हायरस त्यांनी कधीच काढला होता. तरी यंत्र रखडत होते आणि डिफेंडर सुरू होत नव्हता. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ ही इंग्रजीतली पाच अक्षरे टाइप केली, की चालू फिल्टरची यादी उंचीसह दिसते. तीत जुना पाहुणा आपल्या टापूत शांतपणे बसलेला होता. विंडोज सिक्युरिटीच्या पानावरही संरक्षक म्हणून त्याचेच नाव होते. दुसरा पहारेकरी नेमलेला दिसला की डिफेंडर मागे सरतो. नेमणुकीची नोंद उरली आणि पहारेकरी नाही, अशा स्थितीत घर उघडे राहू शकते.

आणखी दोन अवशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. काही अँटीव्हायरस सुरक्षित संकेतस्थळांवरची वाहतूक तपासण्यासाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालतात. ते मागे राहिले आणि त्याची गुप्त किल्ली कुणाच्या हाती लागली, तर बँकेचे खोटे पानही त्या संगणकाला खरे वाटेल. दुसरा अवशेष म्हणजे जुना ड्रायव्हर. ट्रेलिक्स या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक हल्ला उघड केला. त्यात हल्लेखोरांनी अव्हास्टचा जुना, पण अधिकृत सही असलेला ड्रायव्हर स्वतःबरोबर आणून इतर सुरक्षा प्रोग्रॅम बंद पाडले होते. हल्लेखोर मुद्दाम घेऊन येतात अशी वस्तू आपण विसरून घरात ठेवावी का, हा प्रश्न उरतोच.

काढण्याची रीत अवघड नाही, पण क्रम पाळावा. आधी सेटिंग्जमधून प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने काढावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्याशिवाय पुसण्याची राहिलेली कामे होत नाहीत. मग त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिचे सफाईचे साधन घ्यावे. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, कॅस्परस्की, इसेट या सर्वांची अशी साधने आहेत. काही सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. तटबंदीचा दरवाजा कुठे आहे हे ती बांधणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यानंतर फिल्टरची यादी, विंडोज सिक्युरिटीचे पान, प्रमाणपत्रांची यादी आणि ब्राउझरमधली एक्स्टेन्शन पुन्हा पाहावीत. शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपवर एवढ्यानेच डिफेंडर आपणहून जागा झाला.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. ड्रायव्हरची फाइल हाताने पुसू नये. साखळीतले नाव रजिस्ट्रीत राहिले आणि फाइल नाहीशी झाली, तर कधी इंटरनेट बंद पडते, कधी यंत्र सुरूच होत नाही. आणि ‘रजिस्ट्री स्वच्छ करतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. अशा साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. शिवाय जुने अधिकार काढून घेण्यासाठी एका नव्या अनोळखी माणसाला तेच अधिकार देण्यात शहाणपण नाही.

अँटीव्हायरस बसवताना ‘होय’वर केलेल्या एका क्लिकमध्ये आपण चार-पाच परवानग्या एकदम देतो : गाभ्यात बसण्याची, वाहतूक उघडून पाहण्याची, संरक्षक म्हणून नाव लावण्याची. देताना त्या एकत्र दिल्या जातात. परत घेताना मात्र एकेक मोजून घ्याव्या लागतात.