बंदीच्या दिवसांत फी कुठून आणायची? हैदराबादच्या कोठीत पोरं काय करतात, आणि आपण काय करू शकतो



1 जून ते 31 जुलै बोटी बंदरात. बर्फ नाही, डिझेल नाही, लिलाव नाही. आणि नेमक्या ह्याच दोन महिन्यांत बारावीचा निकाल हातात असतो, प्रवेशाच्या याद्या लागतात, कॉलेजवाले फी मागतात. नोकरदाराला जूनचा पगार जूनमध्ये येतो. आपल्याला जूनमध्ये येतो तो जाळी आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च. म्हणून आपल्याकडं बऱ्याच घरांत पोराची फी दोनच ठिकाणांहून येते. एक म्हणजे आईच्या गळ्यातलं सोनं आणि दुसरी म्हणजे व्यापाऱ्याची उचल.

ह्या दोन दारांशिवाय आणखी दारं आहेत का, ते बघण्यासाठी हा लेख. सुरुवात जरा लांबून करू, हैदराबादपासून.

कोठी म्हणजे काय जागा आहे

हैदराबादशी आपल्या धंद्याचं नातं आहेच. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय विकास मंडळ 2006 साली स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय हैदराबादलाच आहे आणि त्याची इमारतसुद्धा माशाच्या आकाराची आहे. पण आपल्याला जायचंय जुन्या शहराजवळच्या कोठी भागात.

निजामाच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटची हवेली, म्हणजे 'कोठी', ह्यावरून भागाला हे नाव. त्याच हवेलीच्या आवारात मुलींचं कॉलेज आलं. 1924 साली सुरू झालेलं हे कॉलेज आता महिला विद्यापीठ झालंय आणि त्याला चाकली ऐलम्मा हिचं नाव दिलंय. ऐलम्मा ही धोबी समाजातली बाई, तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात जमीनदारापुढं न वाकलेली. उस्मानिया मेडिकल कॉलेजही ह्याच भागात. इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद, जवळच जांबागेत विवेक वर्धिनी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबादला विद्यापीठ झालं ते 1958 साली. त्याआधी मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी उच्च शिक्षणासाठी हैदराबादचीच वाट धरली.

एवढी कॉलेजं जिथं, तिथं पैशाची चणचण असलेली पोरंही तेवढीच. त्यातून कोठीत उभा राहिला जुन्या पुस्तकांचा बाजार. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, छोट्या गाळ्यांत पुस्तकांचे ढीग. डॉक्टरीची, इंजिनिअरिंगची, स्पर्धा परीक्षेची, शाळेची. विद्यार्थी जुनं पुस्तक घेतो, वर्षभर वापरतो, परीक्षा झाली की तिथंच परत विकतो आणि त्या पैशात पुढच्या वर्षाचं घेतो.

ह्यातला हिशेब समजून घ्या. समजा नवं पुस्तक 800 रुपयांचं. कोठीत जुनं 400 ला मिळालं. वर्षाअखेर ते 250 ला गेलं. म्हणजे पुस्तक पडलं 150 रुपयांना. अशी आठ पुस्तकं असली तर 6,400 च्या जागी 1,200 रुपयांत वर्ष निघतं. 5,200 रुपये वाचले. ते कुणी दान दिलेले नाहीत आणि उसनेही घेतलेले नाहीत.

जे पोरगं जरा हुशारीनं वागतं, ते एक पाऊल पुढं जातं. वर्ष संपताना वर्गातल्या दहा-पंधरा मुलांची पुस्तकं एकत्र करतं, पानं तपासतं, संच लावतं आणि खालच्या वर्गातल्या मुलांना थेट विकतं. विकणाऱ्याला दुकानापेक्षा चार पैसे जास्त, घेणाऱ्याला स्वस्त, आणि मधल्याला मेहनतीचे पैसे. आपल्या भाषेत सांगायचं तर मधल्या दलालाशिवाय माल थेट गिऱ्हाइकापर्यंत. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे काही नवीन नाही

गरीब विद्यार्थ्यानं शिक्षणासाठी डोकं चालवायची आपल्याकडं जुनी रीत आहे. पूर्वी पोरं 'वार लावून' जेवायची, आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. पण त्यात मान खाली घालून राहावं लागायचं, आणि जात बघूनच ताट वाढलं जायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे बदललं. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, राबली आणि शिकली. 'कमवा आणि शिका' हे तत्त्व तिथून महाराष्ट्रभर गेलं. आजही पुणे विद्यापीठाची योजना त्यांच्याच नावानं चालते. कॉलेजच्या ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा. आपल्या पोराच्या कॉलेजात अशी योजना आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारायचं.

दुसरं उदाहरण तर होडीवाल्याच्याच घरचं. डॉ. अब्दुल कलाम. वडील रामेश्वरमचे, होडीतून यात्रेकरूंची ने-आण करायचे. ती होडी वादळात गेली. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं, तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायचं काम लहानग्या कलामांना मिळालं. ती त्यांची पहिली कमाई. पुढं मद्रासला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सुमारे 1,000 रुपये लागत होते. बहीण झोहरानं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. ते सोनं आपल्याच कमाईतून सोडवायचं, असं कलामांनी मनाशी ठरवलं. हाच माणूस 1982 साली हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

साताऱ्यातही तेच झालं होतं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं. म्हणजे शेवटी बाईचं सोनंच कामाला येतं, हे खरं. पण ते शेवटी यावं, पहिल्याच दिवशी नको.

आधी हक्काचं घ्या

कमाईच्या युक्त्या नंतर. सरकारी शिष्यवृत्ती हे पहिलं दार.

महाराष्ट्रात 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ह्या प्रवर्गांतल्या आणि इतर मागास वर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, त्यात मोठ्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. आपल्यात कुणी कोळी, कुणी भोई, कुणी भंडारी, कुणी गाबीत, कुणी दालदी. प्रत्येकाचा प्रवर्ग वेगळा. दाखल्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

पोरांची शिष्यवृत्ती बुडते ती बहुतेक कागदांमुळं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. जात वैधतेला वेळ लागतो. अकरावीतच अर्ज करा, निकालाची वाट बघू नका.

उचल घेण्याआधी हा हिशेब करा

समजा फीसाठी व्यापाऱ्याकडून 50,000 उचल घेतली. व्याज नाही म्हणाला. पण माल त्यालाच द्यायचा. त्यानं बाजारापेक्षा किलोमागं फक्त 10 रुपये कमी लावले आणि हंगामात तुम्ही 6,000 किलो म्हावरं उतरवलं, तर 60,000 रुपये गेले. आणि मुद्दल तसंच उभं.

तेच 50,000 बँकेच्या शैक्षणिक कर्जातून 11 टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याज 5,500 रुपये. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारण तारण मागत नाहीत, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. बिनव्याजी उचल किती महाग पडते, ते बोट कोणत्या दारात बांधली जाते त्यावर ठरतं.

आपल्या बंदरातली 'कोठी'

कोठीतल्या पोरांनी आपल्या जागेत जे मुबलक आहे त्यातूनच वाट काढली. तिथं पुस्तकं आहेत. आपल्याकडं काय आहे?

1. आगोटचं सुकट. एप्रिल-मेमध्ये लोक पावसाळ्याची बेगमी करतात. घरचा जवळा, बोंबील, मांदेली वलांडीवर किंवा स्वच्छ जाळीवर वाळवून, निवडून, पाव आणि अर्धा किलोच्या पाकिटात भरली तर सुट्या ढिगापेक्षा भाव जास्त मिळतो. शहरातल्या नातेवाइकांच्या सोसायट्या, कॉलेजच्या शिक्षकांची घरं हे गिऱ्हाईक. अन्न परवान्याची साधी नोंदणी आधी करून घ्या. आणि महत्त्वाचं, हे पैसे जूनच्या आधी हातात येतात.

2. कागदाचं काम. बोटीची नोंदणी, परवाना नूतनीकरण, डिझेल परतावा, मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड, राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरची नोंदणी. नाखव्याला मोबाईलवर अर्ज भरायचं जिवावर येतं. शिकलेल्या पोरानं ठरलेली मजुरी घेऊन नीट अर्ज भरून दिले तर बंदीचे दोन महिने त्याला काम आहे.

3. हिशेब. बोटीचा डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा वाटा, सगळं वहीत लिहिणारं कुणी नसतं. कॉमर्सची पोरगी चार बोटींचे हिशेब महिन्याच्या ठरावीक रकमेत ठेवू शकते. तिचं शिक्षणही होतं आणि कर्जासाठी बँकेनं मागितलं तर नाखव्याकडं कागदही असतो.

4. जाळी. बंदीत फाटकी जाळी दुरुस्त करायला माणसं मिळत नाहीत. ज्याचा हात बसलाय त्यानं लाजू नये. दिवसाची मजुरी रोख असते.

5. शिकवणी. बारावी झालेल्या मुलीनं वाड्यातल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवावं. आई-बाबा पहाटे बंदरावर असतात, त्या पोरांचा अभ्यास घेणारं घरात कुणी नसतं.

एक अट मात्र पाळायची. हजेरी आणि अभ्यास बुडवून कमाई नको. नापास झालेलं वर्ष हा सगळ्यात मोठा खर्च, कारण त्यानं शिष्यवृत्तीही अडकते. आणि अठराच्या आतल्या पोराला खोल समुद्रात मजुरीला पाठवायचं नाही, मग फी कितीही असो.

इथं पाय टाकू नका

मोबाईलवर 'घरबसल्या रोज 3,000 कमवा' म्हणणारे आधी थोडे पैसे देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. कमिशन देतो म्हणून कुणी पोराचं बँक खातं वापरायला मागितलं तर साफ नाही म्हणा. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस खातेदाराच्या दारात येतात. झटपट कर्ज देणारी ॲप तर फोनमधली सगळी नावं उचलतात आणि मग नातेवाइकांना शिव्या देतात. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाराही त्याच जातकुळीतला.

संस्थेनं काय करावं

सोसायटी फक्त डिझेल आणि बर्फासाठी नाही. तीन गोष्टी फार पैसा न लागता होऊ शकतात, सर्वसाधारण सभेत मांडाव्यात अशा.

पहिली, पुस्तक पेटी. सोसायटीच्या कार्यालयात एक कपाट ठेवायचं. परीक्षा झाली की सभासदांच्या मुलांनी पुस्तकं जमा करायची, जूनमध्ये पुढच्या मुलांनी न्यायची. कोठीचा बाजार असाच, फक्त आपला बिनपैशाचा.

दुसरी, फी भिशी. ऑगस्टला बोटी सुटल्या की मे अखेरपर्यंत प्रत्येक फेरीला थोडे पैसे पोराच्या नावानं वेगळे टाकायचे. हंगामात 60 फेऱ्या झाल्या आणि फेरीला 300 बाजूला पडले तरी 18,000 होतात. लिलावाच्या पैशातूनच ते कापले गेले तर हाताला सवय लागते.

तिसरी, मेमध्ये एक दिवस कागद शिबीर. वाड्यातली शिकलेली पोरं बसवायची, दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाची फाईल तपासायची, कुठला दाखला कमी आहे ते लिहून द्यायचं.

पोरगं शिकलं म्हणजे दर्या सोडलाच पाहिजे असंही नाही. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथं आपल्या घरची पोरं जास्त दिसायला हवीत. म्हावरं कुठं मिळतं हे आपल्या पोरांना ठाऊक असतं. आता ते का कमी झालं, हेही त्यांनीच शोधून सांगावं.

ज्यांच्या घरी ह्या वर्षी दहावी-बारावी आहे, त्यांनी आजच दाखल्यांची पिशवी खाली काढून बघा. जे कमी असेल ते लिहून सोसायटीच्या कार्यालयात घेऊन या. आणि हा लेख वाड्यातल्या ज्या घरी फीची काळजी चाललीय, तिथं नक्की पोचवा.