एका सिंहाचा मृत्यू आणि जगाचा संताप

मनुष्याने पशूंची शिकार करावी, ही गोष्ट मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. पोटासाठी शिकार झाली, पिकांच्या व गुराढोरांच्या रक्षणासाठी झाली आणि राजेरजवाड्यांच्या करमणुकीसाठीही झाली. परंतु या सर्वांहून निराळा असा शिकारीचा एक प्रकार आहे. त्यात मारलेल्या जनावराचे मांस शिकाऱ्याला नको असते. त्याला हवे असते ते मस्तक, कातडे, शिंगे किंवा सुळे. हे अवयव टिकाऊ करून दिवाणखान्यात मांडावयाचे आणि आपल्या पराक्रमाची साक्ष म्हणून आल्यागेल्याला दाखवावयाचे, हा त्याचा हेतू असतो. अशा वस्तूला शिकारी लोक ‘ट्रॉफी’ म्हणतात. आपण तिला विजयचिन्ह म्हणू.

अलीकडच्या काळात या विजयचिन्हांच्या शिकारीविरुद्ध जगभर मोठा लोकक्षोभ उसळला. हा क्षोभ कशामुळे उसळला, त्याला शास्त्राचा आधार कितपत आहे, आणि त्यापासून वन्य प्राण्यांचे खरोखर हित होते काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्वांगेचा सिंह

झिम्बाब्वेच्या पश्चिम सीमेजवळ ह्वांगे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोवा राज्याच्या जवळजवळ चौपट भरेल. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक १९९९ पासून तेथील सिंहांचा अभ्यास करीत आले आहेत. सिंहाला बेशुद्ध करून त्याच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बांधावयाचा आणि त्यावरून त्याच्या हालचालींची नोंद ठेवावयाची, अशी त्यांची पद्धत आहे. असा पट्टा बांधलेला एक काळ्या आयाळीचा नर उद्यानात येणाऱ्या प्रवाशांच्या विशेष परिचयाचा झाला होता. त्याचे नाव सेसिल. २०१५ साली त्याचे वय सुमारे तेरा वर्षांचे होते.

त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या प्रारंभी उद्यानाच्या हद्दीबाहेरील खाजगी जमिनीवर एका मेलेल्या हत्तीचे आमिष वापरून या सिंहाची शिकार करण्यात आली. शिकारी अमेरिकन होता आणि व्यवसायाने दंतवैद्य होता. या शिकारीसाठी त्याने सुमारे ५०,००० डॉलर मोजल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रात्री सोडलेल्या बाणाने सिंह जखमी झाला, पण मेला नाही. कित्येक तासांनंतर त्याला शोधून ठार करण्यात आले, आणि मस्तक व कातडे काढून घेण्यात आले.

ही बातमी महिन्याच्या अखेरीस जगभर पसरली आणि संतापाचा एकच डोंब उसळला. नंतर संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा असे आढळले की, २९ जुलै या एकाच दिवशी जगातील वृत्तमाध्यमांत या सिंहाचा उल्लेख ११,००० हून अधिक वेळा झाला होता. शिकाऱ्याच्या दवाखान्यासमोर निदर्शने झाली. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा इत्यादींची विजयचिन्हे वाहून नेण्याचे नाकारले. फ्रान्सने त्याच वर्षी सिंहाच्या विजयचिन्हांची आयात बंद केली, आणि अमेरिकेच्या सरकारने डिसेंबरमध्ये सिंहाला आपल्या संकटग्रस्त प्राण्यांविषयीच्या कायद्याचे संरक्षण दिले.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शिकाऱ्याचे कागदपत्र नियमानुसार होते, असे झिम्बाब्वे सरकारने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केले, आणि स्थानिक वाटाड्यावरील खटला २०१६ मध्ये रद्द झाला. ज्याला लोक गुन्हा म्हणत होते, तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरला नाही. तेव्हा खरा प्रश्न एका शिकाऱ्याचा नसून अशा शिकारीला मुभा देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

एक नर गेला म्हणजे काय होते?

वरवर पाहता असे वाटते की, हजारो सिंहांतून एक म्हातारा नर गेला, तर त्यात विशेष काय बिघडले? परंतु सिंहाची समाजरचना अशी आहे की, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ देता येत नाही. सिंह हा कळप करून राहणारा प्राणी आहे. कळपातील माद्या परस्परांच्या नात्यातील असतात. एक नर, किंवा संगनमत केलेले दोनतीन नर, त्या कळपाचा ताबा घेतात आणि परक्या नरांपासून त्याचे रक्षण करतात. हा ताबा सुटला की नवे नर येतात, आणि आल्याबरोबर पूर्वीच्या नरांचे छावे मारून टाकतात. छावे गेले म्हणजे माद्या लवकर पुन्हा माजावर येतात आणि नव्या नरांची संतती सुरू होते. निसर्गाची ही रीत आपल्याला क्रूर वाटली, तरी तिचा परिणाम स्पष्ट आहे. शिकाऱ्याची एक गोळी एका सिंहाचा प्राण घेते, पण तिच्या मागोमाग कित्येक छाव्यांचा जीव जाण्याचा संभव असतो.

ह्वांगे येथेच १९९९ ते २००४ या काळात झालेल्या अभ्यासाचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. संशोधकांनी ६२ सिंहांना खुणेचे पट्टे बांधले. त्यांपैकी ३४ त्या काळात मेले, आणि या ३४ पैकी २४ शिकाऱ्यांच्या हातून मेले. पट्टे बांधलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाभोवतीच्या शिकारक्षेत्रात मारले गेले. आरंभी दर प्रौढ नरामागे तीन माद्या होत्या, त्या सहा झाल्या. एका नराची जागा मोकळी झाली की उद्यानाच्या आतील दुसरा नर तेथे येई आणि तोही बंदुकीच्या टप्प्यात सापडे. पात्राच्या तळाला भोक पडावे आणि त्यातून सर्व पाणी हळूहळू वाहून जावे, तसा हा प्रकार होता. हे निष्कर्ष हाती आल्यावर त्या भागातील सिंहांची शिकार काही वर्षे बंद ठेवण्यात आली.

सेसिलच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्याचे छावे आता वाचणार नाहीत, असे अनेकांना वाटले होते. परंतु त्याचा साथीदार जेरिको कळपाजवळ राहिला आणि बहुतेक छावे जगले. दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, सेसिलचा झान्डा नावाचा सहा वर्षांचा मुलगा उद्यानाबाहेर शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. त्या वेळी जगाने फारशी दखल घेतली नाही.

वयाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात असे दिसून आले की, फक्त पाच-सहा वर्षांवरील नरच मारले, तर सिंहांच्या संख्येवर फारसा परिणाम होत नाही. कारण तोपर्यंत त्यांची पहिली पिढी वाढून मोठी झालेली असते. वय ओळखण्यासाठी नाकाच्या रंगाची खूण सांगण्यात आली: सिंह जसा मोठा होतो, तसे त्याचे गुलाबी नाक काळवंडत जाते. नियम सोपा आहे, पण तो पाळला गेला तर! ह्वांगेच्या उपर्युक्त अभ्यासात मारलेल्या नरांपैकी ३० टक्क्यांहून अधिक नर चार वर्षांच्या आतील होते.

उत्तम ते आधी जाते

विजयचिन्हांच्या शिकारीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अरण्यातील हिंस्र पशू बहुधा दुबळे, आजारी किंवा वृद्ध भक्ष्य पकडतो. विजयचिन्हांच्या शोधात निघालेला मनुष्य नेमके याच्या उलट करतो. त्याला सर्वांत मोठी शिंगे आणि सर्वांत लांब सुळे हवे असतात.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथील मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. शिंगांना ठराविक वळण आले की त्या मेंढ्याला मारण्याची परवानगी असे. ज्यांची शिंगे झपाट्याने वाढत, ते तारुण्याच्या आरंभीच मारले जात, आणि त्या शिंगांच्या बळावर माद्या मिळविण्याचे वय त्यांना लाभत नसे. लहान शिंगांचे मेंढे मागे राहत आणि त्यांचीच प्रजा वाढे. सुमारे तीस वर्षांत मेंढ्यांची शिंगे आखूड झाली आणि वजन घटले, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. या बदलाचे नेमके प्रमाण किती, याबद्दल पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु सतत उत्तम तेवढेच वेचून काढले, तर मागे राहणारी पिढी तशी उरत नाही, हे तत्त्व शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. कोणताही शहाणा शेतकरी उत्तम बियाणे खाऊन टाकून निकृष्ट बियाणे पेरीत नाही.

दुसरी बाजू

असे असता ही शिकार सर्वत्र तत्काळ बंद का करीत नाहीत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाजवळ आहे. सेसिलसाठी जग हळहळत असता, अमेरिकेत शिकणाऱ्या एका झिम्बाब्वेच्या तरुणाने तेथील वृत्तपत्रात लिहिले की, आपल्या बालपणी गावाजवळ सिंह फिरू लागला म्हणजे सारा गाव भीतीने गोठून जाई आणि तो मारला गेला म्हणजे लोक आनंदोत्सव करीत. ज्याची गाय सिंहाने नेली, त्याला सिंहाच्या सौंदर्याचे वर्णन ऐकवून काय उपयोग?

नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना आपल्या प्रदेशातील वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेचा हक्क देण्यात आला. या समूहांना पर्यटनापासून आणि मर्यादित शिकारीपासून पैसा मिळतो, आणि शिकारीचे मांसही गावकऱ्यांत वाटले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे शिकार एकाएकी बंद केली, तर आपला खर्च भागवू शकणाऱ्या गावसमूहांची संख्या बरीच घटेल. पर्यटनाचा पैसा हाती येण्यास सुमारे सहा वर्षे लागतात, शिकारीचा तीन वर्षांत येतो. ज्या ओसाड प्रदेशात प्रवासी फिरकत नाहीत, तेथे तर दुसरे साधनच नसते.

याउलट केनियाने १९७७ साली शिकारीवर संपूर्ण बंदी घातली. तथापि १९७७ ते २०१६ या काळात तेथील कुरणप्रदेशातील वन्य प्राण्यांची संख्या सरासरीने ६८ टक्क्यांनी घटली. याचे कारण बंदी हे नव्हे. वाढती लोकसंख्या, वाढती गुरे, कुंपणे आणि चोरटी शिकार यांनी हा ऱ्हास घडविला. पण यावरून एवढे निश्चित होते की, बंदुकीला बंदी केल्याने कुरण वाचत नाही, आणि कुरण गेले की प्राणीही जातो.

भारताचा अनुभव

या प्रश्नावर भारताला स्वतःचा अनुभव आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या नेपाळच्या तराईतील शिकारीत अवघ्या काही दिवसांत ३९ वाघ मारले गेले. स्वातंत्र्यानंतर राजेरजवाड्यांची जागा शिकार कंपन्यांनी घेतली. परदेशी पाहुण्याला मचाणावर बसवावयाचे, हाकारे घालावयाचे आणि ‘हमखास वाघ’ देण्याचे वचन पाळावयाचे, असा हा धंदा होता.

जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या भारतभेटीत त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी सवाई माधोपूरजवळ एक वाघ मारला. मारलेल्या वाघाजवळ उभ्या असलेल्या पाहुण्यांचे छायाचित्र प्रसिद्ध होताच ब्रिटनमध्ये टीकेची झोड उठली. तेव्हा सेसिलच्या पूर्वी अर्धशतक एका वाघानेही जगाला विचार करावयास लावले होते. त्याच वर्षी जागतिक वन्यजीव निधीची स्थापना झाली.

१९६९ साली निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले आणि वाघाच्या दुरवस्थेकडे सर्वांचे लक्ष वेधले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. शिकार कंपन्यांनी न्यायालयात दाद मागितली. परकीय चलन बुडेल, असेही सांगून पाहिले. परंतु बंदी कायम राहिली. १९७२ च्या गणतीत अवघे १,८२७ वाघ आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाट होते. सवाई माधोपूरजवळचे रणथंभोरही होते.

परंतु येथेही कायद्याने एका रात्रीत चमत्कार घडविला नाही. राजस्थानातील सरिस्का येथे वाघ नाहीसे झाल्याचे २००५ साली उघडकीस आले. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते. २००६ साली छायाचित्रांच्या नव्या पद्धतीने अंदाज केला, तेव्हा देशात १,४११ वाघ असल्याचे दिसले. पहारा वाढला, नवी क्षेत्रे राखली गेली, आणि २०२२ मध्ये हा अंदाज सरासरी ३,६८२ वर गेला. गीरच्या सिंहांची संख्याही २०२५ च्या गणतीत ८९१ झाली. विजयचिन्हांचा एक पैसाही न घेता हे साधले. मात्र त्याची किंमत कोणी तरी मोजलीच आहे. वनरक्षकांनी प्राण गमावून ती मोजली. घरदार सोडून दुसरीकडे वसलेल्या गावकऱ्यांनी मोजली. ज्यांची गुरे आणि कधी कधी माणसेही वाघाने नेली, अशा कुटुंबांनीही मोजली.

संतापाचे कार्य

संतापाला निरर्थक समजणे चूक ठरेल. १९६१ च्या टीकेशिवाय आणि १९६९ च्या चिंतेशिवाय भारतातील बंदी आली असती की नाही, हे सांगणे कठीण आहे. सेसिलच्या मृत्यूनंतर ह्वांगेच्या संशोधकांकडे लोकांनी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम आपण होऊन पाठविली. नाव असलेल्या एका सिंहासाठी डोळ्यांत आलेले पाणी नाव नसलेल्या पुष्कळ सिंहांच्या उपयोगी पडले.

परंतु संताप हा अग्नीसारखा आहे. चुलीत ठेवला तर तो अन्न शिजवितो. मोकळा सोडला तर थोडा वेळ भडकून विझतो. एका शिकाऱ्याचे नाव घेऊन शिव्याशाप देणे सोपे आहे. ज्या खेड्याच्या शेजारी सिंह किंवा वाघ राहतो, त्या खेड्याला गेलेल्या गाईची भरपाई वेळेवर मिळते काय, जंगलातील पहारेकऱ्याला पुरेसा पगार आणि साधने मिळतात काय, प्राण्यांना एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात जाण्यास वाट उरली आहे काय, हे विचारणे कष्टाचे आहे. पण प्राण्यांचे भवितव्य याच प्रश्नांवर अवलंबून आहे. आफ्रिकेतील एखाद्या देशाला शिकार थांबवावयास सांगताना, त्या उत्पन्नाच्या जागी आपण काय देणार, हेही जगाने सांगितले पाहिजे. भारताने हा भार स्वतःच्या तिजोरीवर आणि स्वतःच्या गावकऱ्यांवर घेतला. सर्वच देशांना ते तितकेच सुलभ आहे, असे मानता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये नमूद करण्यात आली. अरण्ये, सरोवरे, नद्या व वन्य प्राणी यांचे रक्षण करणे आणि सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे, हे त्यांपैकी एक आहे. येथे रक्षण आणि दयाबुद्धी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. मारलेल्या सिंहाविषयी वाटणारा कळवळा ही दयाबुद्धी होय. परंतु जिवंत सिंहाला जगण्यास जागा आणि त्याच्या शेजाऱ्याला निर्भय झोप मिळवून देणे, हे रक्षण होय. दयाबुद्धी आपल्याला सहज सुचते. रक्षणासाठी मात्र ज्ञान, पैसा आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.