जन्मावरून संशय आणि कायदा

साखरखेर्डा हें गांव निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांच्या १७२४ च्या लढाईमुळें इतिहासांत नमूद आहे. तें ज्या सिंदखेडराजा तालुक्यांत मोडतें, त्यास जालना जिल्ह्याची हद्द लागून आहे. प्रवाशाला ही हद्द केव्हां ओलांडली याचें भानही होत नाहीं. परंतु टोपल्या-कणग्या विणणारा हद्दीअलीकडचा कैकाडी आणि पलीकडचा कैकाडी कायद्यापुढें सारखे नाहींत.

याचें मूळ शोधण्यास १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यापर्यंत जावें लागतें. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असें त्यांत गृहीत होतें. सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली कीं त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येत नसे. नोंदलेल्या माणसानें ठराविक वेळीं हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून हद्द सोडावयाची नाहीं. १९११ च्या कायद्यानें बोटांचे ठसेही आले. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेंत ठेवण्याचा अधिकारही सरकारनें घेतला. ज्याचें पोट गांवोगांव फिरण्यावर, त्याचें फिरणें हाच अपराध झाला! महाराष्ट्रांतील कैकाडी, पारधी, भामटे यांना हा शिक्का बसला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यांत जन्म नव्हे, तर सिद्ध झालेले गुन्हे पाहावयाचे होते, व हा फरक लहान नव्हे. परंतु चोरी झाली कीं प्रथम पालांकडे वळावयाचें, ही ठाण्याची संवय कायद्याबरोबर रद्द झाली नाहीं.

१९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें अनुसूचित जाति-जमातींच्या माणसावर खोटी फौजदारी करणें गुन्हा ठरविलें. मात्र बुलढाणा जिल्ह्यांतील कैकाडी अनुसूचित जातींत, तर जालन्यांतील विमुक्त जातींत गणला जातो. म्हणून दुसऱ्यास हें कवच नाहीं. दोघे मावसभाऊ असले तरीही!

सर्वोच्च न्यायालयानें मे २०२४ मध्यें, केवळ मागास समाजांतील म्हणून निरपराधाचें नांव पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदींत चढवूं नये, असें बजावलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं विमुक्तांना मनमानीनें अटक न करण्याची ताकीद दिली. ताकीद मोलाची खरी. पण संशयाचें कारण लेखी नोंदविण्याची सक्ती आणि ती मोडणाऱ्या अंमलदारास शिक्षा, हीं कलमें घालावयाचीं तीं विधिमंडळानें. व तीं हद्दीच्या दोन्ही बाजूंस सारखींच लागू व्हावयास हवींत.