पट्टी निघाली, नाव गेलं

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव कायद्यानं राखलं गेलं, याचा आनंद मलाही झाला. पण त्याच बातमीनं एक जुनी सलही वर आली. ज्यांनी हे नाव कमावलं, त्या कारागिरांची ओळख आपण घराघरातल्या जुन्या वाद्यांवरून खरवडून काढली आहे.

सुरुवातीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं. तेव्हा तेच काम करणाऱ्या मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांना हात घातला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, 1937 मध्ये निधनानंतर तिथंच विसावले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, वर तुणीचं लाकूड आणि शिकलगारांचा हात, यांतून घडलेला तानपुरा देशभर गेला. हे सगळं गौरवग्रंथांत आहे.

मला थांबायचंय ते 1990 नंतरच्या दशकापाशी. त्या काळात मी पुणे, सांगली, कोल्हापूर भागातल्या जुन्या घरांमधून तानपुरे आणि सतारी बघत हिंडत होतो. कुठलं वाद्य कुणी घडवलं, एवढाच शोध होता. नेमक्या त्याच वर्षांत तीन गोष्टी एकदम आल्या. बंगळुरूत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जन्मलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा गाण्याच्या क्लासांत पोहोचला आणि खराखुरा तानपुरा माळ्यावर गेला. वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या आणि नव्या घरात पाच फुटी वाद्याला कोपरा उरला नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनं हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला.

हा कायदा योग्यच होता. पण त्याच्या धास्तीनं लोकांनी हाड, सेल्युलॉइड, हस्तिदंत असा भेद न करता वाद्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या सरसकट उचकटल्या. त्यांतच कारागिराच्या नावाची पट्टीही गेली. पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं तर माझ्यादेखत दांडीवरचं नाव पॉलिश पेपरनं घासून काढलं. नाव नसलं की वाद्य हवं तेवढं जुनं सांगता येतं, हा त्याचा हिशेब होता. एका नावाजलेल्या संगीत विद्यालयानं आपले जुने तानपुरे भंगाराच्या भावात काढले, कसलीही नोंद न ठेवता. या दोघांना मी तेव्हाही माफ केलं नव्हतं, आजही करत नाही.

पट्टी गेल्यावर शोध उरतो तो हाताच्या खुणांचा. गळ्याशी कोरलेल्या पानांची ठेवण, खुंट्यांची घडण, दांडी आणि भोपळ्याचा सांधा, तबलीचा फुगवटा यांवरून जाणते सतारमेकर घराणं ओळखत. तबली उघडली की कधी आत पेन्सिलनं लिहिलेलं नाव आणि साल सापडे. बहुतेक वेळा ते दुरुस्ती करणाऱ्याचं असे, पण त्यावरून मूळ हातापर्यंत जाता येई. अडचण वेगळीच होती. एकाच कारखान्यात एक जण दांडी पोखरतो, दुसरा नक्षी काढतो, तिसरा जवारी लावतो आणि पट्टीवर नाव मात्र थोरल्याचं असतं. शिवाय मोठ्या शहरांतली दुकानं मिरजेतून वाद्य घ्यायची आणि आपली पट्टी ठोकायची. म्हणून पट्टी हा पुरावा असला तरी तो एकट्यानं पुरेसा नव्हता. त्याला म्हाताऱ्या कारागिरांच्या आठवणींची जोड लागे. ती माणसं एकेक करून गेली आणि त्यांना विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

नावाचा एवढा आग्रह कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. कारण दुरुस्ती नावावर अवलंबून असते. तबलीची जाडी, दांडीची पोकळी आणि घोडीची उंची प्रत्येक घराण्याची आपली असते. वाद्य कुणाचं हे कळलं, तर दुरुस्त करणारा तेच माप राखतो. नाही कळलं, तर तो आपलं माप लादतो. तानपुरा पुन्हा वाजतो, पण त्याचा मूळ नाद परत येत नाही. असे बिघडवलेले तानपुरे मी मैफिलींत ऐकले आहेत आणि ते ऐकताना जीव कळवळला आहे.

आज मानांकनाच्या सत्कारांत मंचावर पुढारी असतात, गावाचा जयजयकार होतो. तो व्हावा. पण त्याबरोबर जुन्या वाद्यांची आणि त्यांच्या कर्त्यांची एक नोंदवही व्हायला हवी, ती मिरजेतच आणि कारागिरांच्या हाताखाली. संग्रहालयांनीही वाद्याशेजारच्या पाटीवर नुसतं शतक न लिहिता, कळत असेल तिथं कारागिराचं नाव लिहावं.

आणि तुमच्या घरी जुना तानपुरा किंवा सतार असेल, तर एवढं करा. पॉलिशला देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पट्टी असेल तर ती काढू देऊ नका. तबली उघडणार असतील तर समोर बसा आणि आत काय लिहिलंय ते उतरवून घ्या. वाद्य कुणी, कुठून, केव्हा आणलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद वाद्याच्या गवसणीत ठेवा. हे काम ज्यांना विचारता येईल अशी माणसं घरात आहेत, तोवरच होईल.