विश्लेषण : माउस अडखळतोय? दोष पायांचा की पॅडचा?

पावसाळा लागला की मालवणातल्या घरात काही गोष्टी आपोआप बदलतात. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे पडतात, लाकडी दार चौकटीत घट्ट बसतं, कॅरमच्या सोंगट्या पळेनात म्हणून पावडर जास्त लागते. याच दिवसांत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची एक तक्रार सुरू होते, ‘माउस सरकना नाय’. कर्सर नेमक्या रकान्यावर नेताना आधी अडतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला, लग्नपत्रिकेचं डिझाइन करणाऱ्याला आणि रात्री मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला ही अडचण सारखीच जाणवते.

अशा वेळी बहुतेक जण नवा माउस घेतात. काही जण यूट्यूबवरचा व्हिडीओ पाहून माउसचे नवे पाय, म्हणजे ‘स्केट्स’, ऑनलाइन मागवतात. दोन्हींत पैसे जातात आणि जुलैत समुद्रकाठी राहणाऱ्याचा प्रश्न दोन्हींतूनही सुटेलच असं नाही.

माउसचे पाय म्हणजे नेमकं काय?

माउस उलटा केला की सेन्सरच्या आजूबाजूला दोन ते चार पातळ, गुळगुळीत तुकडे चिकटवलेले दिसतात. माउसचा सगळा भार आणि वरून पडणारं हाताचं वजन याच तुकड्यांवर असतं. चांगल्या माउसमध्ये ते पीटीएफईचे असतात. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवा वायू शोधत होते. ६ एप्रिल १९३८ रोजी त्यांच्या सिलिंडरमधून वायूऐवजी पांढरी, निसरडी भुकटी निघाली. तीच ही पीटीएफई.

माउससाठी हा पदार्थ निवडण्यामागे तो फक्त निसरडा आहे एवढंच कारण नाही. थांबलेली वस्तू हलवायला जो जोर लागतो ते स्थितिक घर्षण आणि चालती वस्तू चालू ठेवायला लागतो ते गतिक घर्षण. सर्वसाधारण पदार्थांत पहिलं दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे वस्तू आधी अडते आणि सुटली की जास्त पुढे जाते. पीटीएफईमध्ये हा फरक अगदी थोडा असतो. कर्सर एक-दोन पिक्सेल हलवायचा असतो तेव्हा हाताला जाणवतो तो हाच फरक. फोटोतला केस कापणाऱ्या डिझायनरला आणि निशाणा धरणाऱ्या गेमरला म्हणूनच माउस किती वेगाने पळतो यापेक्षा तो किती सहज सुटतो, हे महत्त्वाचं वाटतं.

पीटीएफई मऊ असल्यामुळे झिजतंही. पाय झिजून माउसच्या तळाशी जवळजवळ समतल झाले असतील, प्लास्टिकचा तळ पॅडला घासल्याचा आवाज येत असेल किंवा पायांवर खोल ओरखडे दिसत असतील, तर ते बदलायची वेळ झाली आहे. पायाच्या कडेला नुसती काळी मळी साचली असेल तर नखाने काढून कोरड्या फडक्याने पुसली तरी पुरतं.

समुद्रकाठी वेगळं काय घडतं?

इथे मिठाच्या बरणीकडे परत यावं लागतं. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर आर्द्रता ही रेषा दिवसेंदिवस ओलांडून असते. आता कापडी माउसपॅडचा विचार करा. त्याच्या धाग्यांत तळहाताच्या घामातलं मीठ महिनोन्‌महिने मुरलेलं असतं आणि खिडकी समुद्राकडे असेल तर खाऱ्या वाऱ्याने आणलेलंही असतं. मे महिन्यात ते कोरडं असतं, तेव्हा पॅड ठीक चालतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला पाणी सुटतं. पॉलिस्टरचा धागा स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण धाग्यांमधल्या खारट, तेलकट थराला ओल धरते आणि वरून सरकणारा पाय तिथे चिकटल्यासारखा होतो.

म्हणून खरेदीआधी एक मिनिटाची परीक्षा करावी. माउस पॅडवरून उचलून टेबलाच्या कोरड्या सनमायकावर किंवा प्लास्टिकच्या फाइलवर सरकवून पाहावा. तिथे तो अलगद पळत असेल तर पाय शाबूत आहेत आणि दोष पॅडचा आहे. तिथेही खरवडत असेल तर पाय गेले.

दोष पॅडचा असेल तर ते धुवावं. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे थेंब, मऊ ब्रश आणि पुन्हा पुन्हा स्वच्छ पाणी, कारण साबण राहिला तर तोही ओल धरतो. पॅड पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि पंख्याखाली आडवं वाळवावं. कडक उन्हात किंवा हीटरसमोर खालचं रबर आणि वरचं कापड सुटण्याची भीती असते. श्रावणात त्याला दोन-तीन दिवसही लागतील. (तोवर सनमायकावर काम भागतं. पॅडशिवाय माउस चालत नाही ही समजूत बॉलच्या माउसच्या काळातली आहे.)

कॅरमची पावडर मात्र पॅडवर टाकू नये. मोह होणं साहजिक आहे, कारण बोर्डावर तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पण बोर्ड कडक असतो आणि फडक्याने झटकता येतो. कापडात ती बोरिक पावडर रुतून बसते, ओल लागली की तिचा लगदा होतो आणि बारीक कण सेन्सरच्या भिंगापर्यंत पोहोचतात.

कोणत्या पॅडवर कोणते पाय?

कापडी पॅड असेल तर शुद्ध पीटीएफईचे, गोलाकार कडांचे पाय ही बिनधोक निवड. कंपनीने बसवलेले पाय बहुधा काळे, रंग मिसळलेले असतात. बाजारात सुटे मिळणारे पांढरे पाय त्याहून निसरडे असतात. कडा गोल असणं का महत्त्वाचं? कापडाखाली फोम किंवा रबर असतं, माउसच्या वजनाने ते किंचित दबतं आणि तीक्ष्ण कड नांगरासारखी धाग्यांत घुसते. शाळेत शिकलेला नियम असा की घर्षण पृष्ठभागाच्या आकारमानावर नव्हे, दाबणाऱ्या वजनावर अवलंबून असतं. कडक टेबलावर तो बऱ्यापैकी खरा ठरतो. मऊ पॅडवर ठरत नाही. तिथे छोट्या गोल टिकल्या लावल्या तर त्या जास्त रुततात आणि माउस जड वाटतो. मोठे पाय भार पसरवतात. कुणाला थांबण्यावर ताबा हवा असेल तर टिकल्याच बऱ्या.

वजनाचाच विषय निघाला आहे तर, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या वायरलेस माउसमध्ये साधा एए सेल २३ ग्रॅमच्या आसपास असतो, लिथियमचा साधारण १५ ग्रॅम. काही वेळा नव्या पायांपेक्षा हा बदल आधी जाणवतो.

कडक प्लास्टिकच्या पॅडवर पीटीएफई छान पळतं, पण लवकर झिजतं. तिथे यूएचएमडब्ल्यूपीई या दुसऱ्या प्लास्टिकचे पाय मिळतात. थोडे हळू, पण जास्त टिकाऊ. याच प्लास्टिकच्या धाग्यांपासून मासेमारीतले हलके आणि भक्कम दोर बनतात, कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यातही ते वापरतात. म्हणजे घासलं जाऊनही टिकणं हेच त्याचं काम. काचेच्या पॅडवरही पीटीएफई किंवा हेच पाय चालतील. मात्र पाय वारंवार बदलण्याची तयारी ठेवावी.

काचेचे पाय ही अलीकडची फॅशन. दक्षिण कोरियाच्या पल्सर कंपनीचे ‘सुपरग्लाइड’ हे त्यातलं गाजलेलं नाव. कापडावर ते झपाट्याने पळतात आणि झिजत नाहीत. काचेवर काच मात्र कधीच घासू नये. आणि मालवण, तारकर्ली, देवबागच्या वाचकांसाठी आणखी एक इशारा. चपलेबरोबर घरात येणाऱ्या पुळणीतल्या क्वार्ट्‌झच्या कणाची कठीणता मोह्‌स मापनावर ७ आहे, साध्या काचेची साधारण साडेपाच. पॅडवर पडलेला वाळूचा एक कण काचेच्या पायावर कायमचा ओरखडा काढू शकतो आणि मग तो ओरखडा पॅडचे धागे ओढत राहतो. गंमत अशी की काच बनते तीही अशाच सिलिका वाळूपासून, आणि ती वाळू याच जिल्ह्यात कासार्डे परिसरातून काढली जाते.

किनाऱ्यावर रोज आठ तास काम करणाऱ्याने नवं काही घ्यायचंच असेल तर पावसाळ्याचे चार महिने पुसता येणारं कडक पॅड आणि पीटीएफईचे पाय हीच जोडी घ्यावी. कापडी पॅड दिवाळीनंतर पुन्हा काढावं. शे-दोनशे रुपयांच्या माउसला मात्र महागडे पाय लावण्यात अर्थ नाही. त्याला टिकल्यांचं स्वस्त पाकीट पुरे.

मागवताना आणि लावताना

पायांचा आकार मॉडेलनुसार ठरतो. एकाच कंपनीचे, दिसायला जुळे वाटणारे दोन माउस वेगळे पाय मागतात. त्यामुळे मॉडेलचं पूर्ण नाव तळाच्या स्टिकरवरून वाचून घ्यावं. जाडी बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. जुन्या पायांवरच नवे चिकटवण्याचा उद्योग करू नये. सेन्सर पॅडपासून उंच जातो आणि कर्सर तुटक चालू लागतो.

जुने पाय काढण्यापूर्वी हेअर ड्रायरची मंद ऊब द्यावी, म्हणजे गोंद सैल होतो. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने ते उचलावेत. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. हातांना लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर नवे पाय अर्धा मिनिट दाबून धरावेत आणि रात्रभर माउस वापरू नये. दमट दिवशी ही घाई केली तर आठवड्याभरात पाय सरकलेले दिसतात. बऱ्याच माउसचे स्क्रू पायांखालीच लपवलेले असतात. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

नवे पीटीएफई पाय पहिले काही दिवस किंचित खरखरीत वाटतात. कडा घासून गुळगुळीत झाल्या की ती खरखर जाते. मात्र पाय नवे, पॅड कोरडं आणि तरीही कर्सर उड्या मारत असेल, तर माउस उलटा करून सेन्सरच्या छिद्रात पाहावं. तिथे अडकलेला एखादा केस कापसाच्या काडीने काढता येतो.