जागा सरकारी, माथे वाटसरूंचे

घाटकोपरच्या छेडानगरमधले ते होर्डिंग १२० फूट रुंद आणि तितकेच उंच होते. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, म्हणजे क्षेत्रफळ तिच्या नऊपट. ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’मध्ये त्याची नोंदही झाली होती, बेकायदा बांधकामाचा असा सत्कार विरळाच. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात ते शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ जणांचा जीव गेला. त्यांत पावसापासून आडोसा शोधत थांबलेलेही होते. पाया कमकुवत असल्याचे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी दाखवून दिले. पालिकेची परवानगी मात्र मुळातच नव्हती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, तेव्हा पालिकेला विचारायचे कशाला, असा सगळा मामला.

पुण्याला हा धडा आधीच मिळाला होता. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजाराजवळच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या रिक्षा-दुचाकींवर लोखंडी सांगाडा आदळला, चौघे गेले. तो उतरवण्याचेच काम चालू होते आणि वरचा भाग सोडवण्याआधी खालचे खांब कापले जात होते. ही जागा रेल्वेची.

ब्राझीलमधल्या साओ पावलोने १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिराती जवळजवळ हद्दपार केल्या, त्या ‘दृश्य प्रदूषण’ म्हणून. तो शहराच्या रूपाचा प्रश्न होता. आपल्याकडे आधी जीव वाचायला हवा, रूपाचे नंतर बघू.

होर्डिंगचा व्यवहार पाहा. जागामालक भाडे घेतो, एजन्सी जाहिरातदाराकडून पैसे घेते; विकली जाते ती वाटसरूची नजर. त्याला कोणी विचारत नाही, छदामही मिळत नाही आणि सांगाडा पडतो तो त्याच्याच डोक्यावर. त्याच्या वतीने विचारणारे कोणी असावे, म्हणून आकाशचिन्हांसाठी, म्हणजे अशा उंच फलकांसाठी, पालिका आयुक्तांची परवानगी लागते. मुंबईच्या १८८८ च्या पालिका कायद्यातही ही तरतूद आहे. ‘जमीन आमची’ म्हणणाऱ्या सरकारी खात्याला यातून सूट मिळण्याचे काहीच कारण नाही.

फ्लेक्सची तऱ्हा वेगळी. रात्रीत छापायचा, बांबूच्या चौकटीवर ठोकायचा आणि सुतळीने सिग्नलच्या खांबाला आवळायचा. वर ‘भाऊं’चा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग, मागे झाकलेला लाल दिवा. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा तर त्याहून जुना. पण फ्लेक्स काढायला जाणारा कर्मचारी ज्यांच्या हाताखाली काम करतो, त्यांचेच चेहरे त्यावर असतात. मग कारवाई होते ती वाढदिवस उलटल्यावर.

अधिकृत फलकावर परवाना क्रमांक आणि मुदत लिहिलेली असायला हवी. आपल्या चौकातल्या फलकावर ही माहिती शोधा. सापडली नाही तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्यायला विसरू नका.